चंद्रावरील वस्ती आणि मराठीतील अभ्याससाधने : एक भाषिक परामर्श

चंद्रावर माणसाने वस्ती कशी करावी, हा विषय मराठीतून शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज कोणती साधने आहेत आणि ती कितपत पुरी पडतात, हा प्रश्न प्रथमदर्शनी भाषाभ्यासकाच्या अधिकारातील वाटणार नाही. अभियंत्यांनी आणि भूशास्त्रज्ञांनी त्याचा विचार करावा, भाषेच्या माणसांनी फार तर शुद्धलेखन तपासावे, असे कोणी म्हटल्यास ते अगदीच गैर नव्हे. तथापि विषय शिकावयाचा तो अखेर शब्दांच्या द्वाराच. आणि शब्द चुकीचा मिळाला की विद्यार्थ्याच्या मनात वस्तूचे चित्रही चुकीचे उमटते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात सुखरूप उतरले आणि त्याच वर्षी, २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर पोहोचविण्याचे उद्दिष्ट शासनाने जाहीर केले. आज पदव्युत्तर वर्गात बसलेला विद्यार्थी त्या काळात ऐन उमेदीत असेल. तेव्हा या साधनांची परीक्षा करण्याची वेळ आलेली आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

प्रस्तुत लेखकाचे मत थोडक्यात असे : चंद्राविषयीचे आपले लेखन प्रवासाचे आहे, निवासाचे नाही. ते चंद्रावर पोहोचविते आणि तेथेच वाचकाचा निरोप घेते.

या प्रवृत्तीचे मूळ पुष्कळ मागे जाते. कोचीनहून निघणाऱ्या ‘केरळ कोकीळ’ या मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे भाषांतर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः प्रसिद्ध झाले. मराठी विज्ञानकथेचा आरंभ बहुधा येथूनच मोजला जातो आणि संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या रसिकतेची ती साक्ष होय. परंतु एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. व्हर्नचे प्रवासी चंद्रावर उतरतच नाहीत. १८६५ च्या कादंबरीत तोफेतून गोळा सुटतो. तिच्या उत्तरार्धात ते चंद्राला वळसा घालून परत येतात आणि समुद्रात पडतात. मराठी वाचकाला चंद्राची जी पहिली आधुनिक ओळख झाली ती अशी खिडकीतून झालेली आहे. ‘सफर’ हा शब्द त्या कथेला अगदी चपखल बसतो. दुर्दैव इतकेच की पुढील शंभर वर्षे आपण तोच शब्द आणि तीच खिडकी सोडली नाही.

१९६९ नंतर तरी चित्र पालटावयास हवे होते. अपोलोच्या सहा उड्डाणांतून बारा माणसे चंद्रावर उतरली. त्यांतील सर्वांत दीर्घ मुक्काम डिसेंबर १९७२ मधील अपोलो-१७ चा, सुमारे ७५ तासांचा. आपल्या नियतकालिकांनी या घटनांची वर्णने उत्साहाने छापली. मात्र ‘मुक्काम’ आणि ‘वस्ती’ या दोन शब्दांतील अंतर त्या लेखनात कोठे तोलले गेले नाही, आणि माझ्या मते विषयाचे मर्म नेमके त्या अंतरात आहे.

मराठीत ‘वस्ती’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. रात्रीपुरते राहणे हा एक, आणि कायमचे वसणे हा दुसरा. आमच्या दापोली तालुक्यात गावोगावी रात्री येऊन थांबणारी आणि पहाटे परत निघणारी एस.टी. ‘वस्तीची गाडी’ म्हणून ओळखली जाते. तेथे पहिला अर्थ आहे. ‘धनगरवस्ती’ म्हटले की दुसरा. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवले याचे कारण उघड आहे : जो रात्र काढू शकतो तोच राहू शकतो. चंद्राच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. तेथील रात्र आपल्या सुमारे चौदा दिवसांची असते. विषुववृत्तीय प्रदेशात दिवसा जमीन सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि रात्री शून्याखाली १३० अंशांच्याही पलीकडे गोठते. त्या काळात सूर्यापासून वीजही मिळत नाही. अपोलोचे सर्व प्रवासी चंद्रावरील सकाळी उतरले आणि रात्र होण्यापूर्वी निघाले. चंद्रयान-३ चा विक्रम व प्रज्ञान यांनी एक चांद्रदिवस काम केले. सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीसाठी झोपविल्यानंतर ते पुन्हा जागे झाले नाहीत. म्हणजे पहिल्या, साध्या, एस.टी.च्या अर्थानेही चंद्रावर वस्ती अजून कोणा माणसाने केलेली नाही. ध्रुवाजवळच्या काही उंच कड्यांवर सूर्यप्रकाश बराच अधिक काळ टिकतो, म्हणून आज साऱ्यांचे लक्ष ध्रुवांकडे आहे. ही एक गोष्ट विद्यार्थ्याला उमगली की निम्मा विषय उमगला. आणि ती सांगण्यासाठी लागणारा शब्द मराठीत आयताच पडून आहे.

इंग्रजीतील साधनांकडे वळले असता फरक चटकन जाणवतो. १९८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिसंवादातील निबंध वेंडेल मेंडेल यांनी पुढल्या वर्षी ग्रंथरूपाने संपादित केले. चंद्रतळाची रचना, आरोग्य, कायदा, अर्थकारण असे नाना विषय त्यात एकत्र नांदतात. हायकेन, व्हॅनिमन आणि फ्रेंच यांनी संपादिलेला ‘लूनर सोर्सबुक’ हा १९९१ चा ग्रंथ म्हणजे या विषयाचा अमरकोश म्हणावा लागेल : अपोलोने आणलेल्या ३८२ किलो दगडमातीच्या अभ्यासाचे सार त्यात आहे, आणि ह्यूस्टनच्या चांद्र व ग्रहीय संस्थेने तो विनामूल्य उपलब्ध ठेवला आहे. श्रंक आदी चौघांचा, म्हणजे ज्यांत मधू थंगवेलू हे एक आहेत त्यांचा, चंद्राच्या साधनसंपत्तीवरील व वसतीवरील ग्रंथ १९९९ चा. त्याची दुसरी आवृत्ती २००८ ची. या तिसऱ्या ग्रंथात आशावादाचा भर थोडा अधिक आहे आणि नवशिक्याने तो सोर्सबुकच्या नंतर वाचणे श्रेयस्कर. या ग्रंथांचा विशेष माहितीच्या विपुलतेत नसून त्यांच्या क्रियापदांत आहे. ते खणतात, भरतात, पुरतात, तापवितात, गाळतात. आपले लेखन पाहते आणि थक्क होते.

आपल्याकडील संस्थांनी काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानलेखनाला व्यासपीठ दिले. तिच्याच १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, हे सर्वश्रुत आहे. वाईच्या विश्वकोशाने विज्ञानातील नोंदींसाठी संयत गद्य घडविले. १९६० साली निघालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे अवघड काम अंगावर घेतले. तथापि कोशातील नोंद वस्तू काय आहे ते सांगते. त्या वस्तूवर घर कसे बांधावे हे सांगणे तिचे काम नव्हे. आणि परिभाषा कोश नामे पुरवितो, तीही बहुतांशी संस्कृतातून. या पद्धतीने नेमके काय निसटते ते दोनतीन शब्द घेऊन पाहू.

प्रथम ‘विवर’ घेऊ. उल्कापाताने पडलेल्या वाटोळ्या खळग्याला आपण विवर म्हणतो. लोणार हे उल्काविवर आणि चंद्रावरील साराभाई, भाभा हीही विवरे. परंतु संस्कृतात विवर म्हणजे छिद्र, बीळ, गुहा. मराठी वाचकाच्या मनातही तो अर्थ पुसलेला नाही. आता वस्तीच्या दृष्टीने या दोन वस्तूंत जमीनअस्मानाचा फरक आहे. उल्काविवर आकाशाला उघडे असते. त्यात राहणाऱ्याला अशनींचा मारा, प्रारण आणि तापमानाचे हेलकावे यांपासून आडोसा नाही. याउलट प्राचीन लाव्हाप्रवाहांच्या पोटात राहिलेले बोगदे हे जात्याच छप्पर असलेले निवारे होत. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रातील संशोधकांनी चंद्रयान-१ च्या छायाचित्रांवरून असा एक बोगदा ओळखला आणि मानवी वसतीसाठी संभाव्य स्थान म्हणून त्याचे वर्णन २०११ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले, त्याची लांबी सुमारे १.७ किलोमीटर आणि रुंदी सुमारे १२० मीटर. २०२४ मध्ये शांतिसागरातील एका खोल खड्ड्याच्या तळाशी आडवी गुहा असल्याचा रडारचा पुरावाही पुढे आला. ज्या लेखात उल्काखळगा हेही विवर आणि लाव्हाबोगदा हेही विवर, त्या लेखातून ‘विवरात वस्ती करता येईल’ हे वाक्य वाचणारा विद्यार्थी नेमके काय समजणार? एकाच शब्दाने उघडे आणि झाकलेले दोन्ही दाखविले तर निवाऱ्याची चर्चा तेथेच संपते.

मराठीला येथे शब्दांचे दारिद्र्य नाही. भुयार, बोगदा, गुहा, कपार, घळ या प्रत्येकाचा वेगळा आकार बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो. आणि ‘लेणे’ हा शब्द तर मुळात ‘लयन’, म्हणजे राहण्याची जागा. आमच्या तालुक्यात कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजी येथे एकोणतीस लेण्यांचा समूह आहे. खडकाच्या पोटात माणसांनी राहावे, झोपावे, पाणी साठवावे, ही कल्पना या भूमीला नवी नाही. मात्र लेणे कोरलेले असते आणि लाव्हाबोगदा आयता सापडतो; तेव्हा बोगद्यालाच लेणे म्हणावे असा माझा आग्रह नाही. त्याच्या आत माणसाने राहण्यायोग्य केलेल्या भागाला म्हणता येईल.

दुसरा शब्द ‘माती’, आणि याचे नुकसान अधिक खोल आहे. चंद्राच्या पृष्ठावरील सैल थराला वृत्तपत्रे सर्रास ‘चंद्राची माती’ म्हणतात. आपल्या अनुभवात माती म्हणजे काय? पाणी, हवा, मुळे, किडे आणि काळ यांनी खडकाचे केलेले रूपांतर. दापोलीच्या भोवतालचा तांबडा जांभा हे त्याचे टोकाचे उदाहरण : बेसाल्टवर कोसळणाऱ्या पावसाने विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. चंद्रावर यांपैकी एकही घडत नाही. तेथे अब्जावधी वर्षे उल्कांनी खडक कुटला आहे, इतकेच. त्या कणांना ना पाण्याने गोलाई आली, ना वाऱ्याने. मैदानी प्रदेशांत हा थर चारपाच मीटर, तर उंचवट्यांच्या प्रदेशांत दहापंधरा मीटर जाड आहे. कण इतके धारदार की अपोलोच्या प्रवाशांच्या पोशाखांचे थर त्यांनी घासून काढले, आणि अपोलो-१७ चे भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांना त्या धुळीने सर्दीपडशासारखा त्रास झाला.

या द्रव्याला जवळचा मराठी शब्द शोधावयाचा तर तो शेताऐवजी खाणीवर शोधावा लागेल. खडी फोडणाऱ्या यंत्राखाली डबर, खडी आणि कच अशी प्रतवारी होते. त्यातील ‘कच’ म्हणजे काळ्या दगडाचा बारीक, टोकदार चुरा. ‘चांद्रकच’ हा शब्द कोणाला खडबडीत वाटेल. पण ज्याने एकदा कच हातात घेतली आहे त्याला चंद्रावरील यंत्रांचे सांधे का झिजतात, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ‘रेगोलिथ’ हा आंतरराष्ट्रीय शब्द ठेवावयाचा तर खुशाल ठेवावा. ‘माती’ मात्र नको.

कारण ‘माती’ म्हटले की पेरणी आलीच. २०२२ साली फ्लोरिडा विद्यापीठात अपोलो ११, १२ आणि १७ यांनी आणलेल्या खऱ्या नमुन्यांत मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या रोपाचे बी रुजविण्यात आले. प्रत्येक रोपाच्या वाट्याला जेमतेम एक ग्रॅम द्रव्य. बी रुजले, हे खरे. पुढे रोपे खुरटली, मुळे नीट वाढली नाहीत आणि ताणाची लक्षणे दिसली. सर्वांत वाईट गत अपोलो-११ च्या नमुन्यातील रोपांची झाली. ‘चंद्राच्या मातीत शेती’ अशा मथळ्याखाली हे वृत्त वाचणाऱ्याला यश तेवढे दिसते. १९७२ पासून येथे कृषी विद्यापीठ आहे आणि कातळावर, वरकस जमिनीत पीक कसे घ्यावे हा त्याच्या अभ्यासाचा नित्याचा विषय आहे. त्या विद्यार्थ्याने हे वृत्त खडकाच्या चुऱ्यातून माती घडविण्याचा प्रश्न म्हणून वाचले पाहिजे. शब्द चुकल्यामुळे तो प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, ही खरी हानी.

बांधकामाच्या बाबतीतही तेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोच्या सहकार्याने २०२० साली चंद्रद्रव्यासारख्या कृत्रिम भुकटीपासून विटा केल्या. त्यासाठी युरिया, त्याचे विघटन करून कणांना सांधणारे जिवाणू आणि गवारीच्या बियांचा डिंक एवढेच मुख्य साहित्य लागले. युरिया माणसाच्या मूत्रातूनही मिळू शकतो. हे सारे शब्द कोणाही मराठी गृहिणीच्या व गवंड्याच्या परिचयाचे आहेत. तरीही अशी वार्ता आपल्याकडे आली की ती ‘जैवखनिजीकरणाधारित संरचनात्मक घटक’ अशा पेहरावात येते आणि गवार कोठे नाहीशी होते ते कळत नाही. (ही वीट भाजलेली नसते, हे येथे नमूद केले पाहिजे, कोकणच्या चिऱ्यासारखी ती भट्टीवाचूनच कठीण होते, जरी कारण वेगळे असले तरी.)

लोणारचा उल्लेख वर ओझरता आला. खरे पाहता मराठी विद्यार्थ्याला उपलब्ध असलेले सर्वोत्तम साधन पुस्तकात नसून बुलढाणा जिल्ह्यात आहे. चंद्रावरील काळसर ‘सागर’ हे बेसाल्टचे. लोणारचा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगाही बेसाल्टमध्येच उल्कापाताने पडला, हे १९७३ च्या संशोधनाने प्रस्थापित झाले, आणि असा योग पृथ्वीवर दुर्मिळ आहे. आघाताने बदललेला काळा दगड पाहण्यास ह्यूस्टनला जावे लागत नाही. लोणारवरील आपले लेखन पुराणकथा, मंदिरे आणि पाण्याचा रंग यांत रमते. दगडाकडे त्याचे लक्ष कमी.

राहता राहिला ‘वसाहत’. वसाहतवादामुळे हा शब्द आज डागाळलेला आहे आणि ‘औद्योगिक वसाहत’ या प्रयोगामुळे कोरडा झालेला आहे. अनेक लेखक तो टाळून ‘तळ’ म्हणतात. ‘तळ’ हा शब्द अंटार्क्टिकावरील मैत्री आणि भारती या केंद्रांना शोभतो, आणि चंद्रावरील पहिल्या टप्प्यालाही शोभेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे इंग्रजांच्या पलटणीचा तळ पडला. तो उठून दीड शतकाहून अधिक काळ लोटला, तरी ‘कॅम्प दापोली’ हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी उरले. तळाचे गाव होते ते असे. पण गाव वसविण्याची स्वतंत्र आणि संपन्न परिभाषा आपल्या जुन्या दप्तरांत आहे, तिच्याकडे कोणी पाहिले नाही. ओसाड गाव पुन्हा लावावयाचे झाल्यास सरकार कौल देई. सारा पहिल्या वर्षी नाममात्र, मग दरसाल चढता, त्याला ‘इस्तावा’ म्हणत. घरांची जागा ती पांढरी, पिकाची ती काळी. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचे मर्मग्राही चित्र आहे. वसती एका हंगामात होत नाही, आरंभी ती तोट्यातच चालते, आणि तो तोटा कोणी सोसावा हे आधी ठरवावे लागते, हे या एका ‘इस्तावा’ शब्दात सामावले आहे. चंद्रवस्तीच्या अर्थकारणावरील इंग्रजी प्रकरणे याच गोष्टीभोवती घोटाळतात.

रचनेच्या दृष्टीने मात्र देशावरील पांढरीपेक्षा कोकणातील वाडी व कोंड हाच नमुना जवळचा ठरेल. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ हे दोन वर्षांपूर्वी उतरलेल्या सर्व्हेयर-३ पासून दोनशे मीटरांच्या आत उतरले. त्याच्या झोताने उडालेल्या कचीने त्या यंत्राचे अंग खरवडून काढले. म्हणजे यानांचा उतार घरांपासून पुष्कळ दूर, मध्ये एखादी टेकडी वा बांध असलेला हवा. वीजघर वेगळीकडे, खाण आणखी वेगळीकडे. एकमेकींपासून अंतर राखून, पाखाडीने जोडलेल्या वाड्यांचे हे गाव आहे.

जमिनीच्या हक्कासंबंधी एवढेच की १९६७ च्या बाह्यावकाश कराराने कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर स्वामित्व सांगता येत नाही. जुन्या भाषेत बोलावयाचे तर तेथे मिरासदार कोणीच नाही, सारे उपरी. भारताने जून २०२३ मध्ये आर्टेमिस करारनाम्यावर सही केली आहे; त्यात साधनसंपत्तीचा उपयोग करण्यास मोकळीक आहे. उपरी माणसाने खणलेल्या बर्फावर हक्क कोणाचा, हा वाद पुढे रंगेल.

या जुन्या शब्दांचा पुरस्कार करताना एक धोका नजरेआड करता येत नाही. गावगाड्याच्या परिभाषेत गावकूसही आहे, आणि त्या कुसाबाहेर कोणाला ठेवले होते हेही आहे. पांढरी म्हटली की तिच्या कडेला महारवाडा उभा राहतो. शब्द उचलला की त्याची रचनाही नकळत उचलली जाते, आणि जेथे हवा, पाणी व ऊब मोजून वाटली जाणार तेथे वाटणारा कोण व आत कोण हा प्रश्न पृथ्वीपेक्षा अधिक जीवघेणा असेल. म्हणून कौल, इस्तावा, वाडी, कच हे शब्द घ्यावेत. वतन आणि गावकूस घेऊ नयेत, किंवा घेतल्यास धोक्याच्या खुणेसारखे घ्यावेत. परिभाषा घडविणाऱ्याला ही निवड करावीच लागते आणि ती केवळ भाषिक नसते.

यावर एक आक्षेप संभवतो. विद्यार्थ्याला अखेर इंग्रजी ग्रंथ वाचावे लागणारच. मग मराठी शब्दांचा हा खटाटोप कशाला? आक्षेपातील पहिला भाग मला मान्य आहे. सोर्सबुक वाचल्यावाचून गत्यंतर नाही आणि त्याचे समग्र भाषांतर व्हावे अशी माझी मागणीही नाही. परंतु वाचणे वेगळे आणि त्या विषयात स्वतः प्रश्न उपस्थित करणे वेगळे. कातळावर शेती करणाऱ्या, चिरा तासणाऱ्या, खडीवर राबणाऱ्या घरांतून आलेल्या मुलामुलींजवळ या विषयाला अत्यंत उपयोगी असे ज्ञान आहे. ते त्यांच्या बोलीत आहे. त्या बोलीचा एकही शब्द ज्या पुस्तकात नाही, ते पुस्तक वाचून आपल्याजवळ काही आहे अशी त्यांना शंकाही येत नाही.

तूर्त जे करण्याजोगे आहे ते लहान आहे. खाणकाम, गवंडीकाम, विहीर, बांध, साठवण आणि जमिनीची प्रतवारी यांतील कोकणी व देशी शब्दांची एक सूची विभागाने करावी. प्रत्येक शब्दापुढे तो ज्या वस्तूला लावतात तिचे वर्णन असावे आणि कृषी विद्यापीठातील मृदाशास्त्राच्या जाणकारांकडून ते तपासून घ्यावे. ‘कच’, ‘मुरूम’, ‘कातळ’, ‘सडा’, ‘वरकस’ या पाच शब्दांपासून आरंभ करण्यास हरकत नाही. सोर्सबुकमधील चंद्रपृष्ठाच्या यांत्रिक गुणधर्मांचे प्रकरण समोर ठेवून यांतला कोणता शब्द कोठवर चालतो आणि कोठे अडतो, हे एका सत्रात पाहता येईल.